थकलेल्या माणसाची सवय

सवयींवरची पुस्तकं विकत घेणारा माणूस बहुतेक वेळा थकलेला असतो. ताज्या माणसाला त्यांची गरज पडत नाही. तो उठतो, फिरून येतो, वेळेवर जेवतो, झोपतो. पुस्तक शोधतो तो, ज्याचं रात्री अकराला ‘उद्यापासून नीट’ असं ठरतं आणि सकाळी सहाला ते मोडतं. पण पुस्तक उघडलं की त्यातला ‘तुम्ही’ कुणी वेगळाच निघतो. त्याला स्वतःची खोली असते, स्वतःची संध्याकाळ असते. थकवा त्यालाही येतो, पण पाहुण्यासारखा. चार पानं राहतो आणि निघून जातो.

या लेखात मी तीन पुस्तकं शेजारी ठेवून वाचणार आहे. एक, जेम्स क्लिअरचं ‘अ‍ॅटॉमिक हॅबिट्स’. दुसरं, समर्थ रामदासांचा ‘दासबोध’. तिसरं, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’. तिघांचा काळ वेगळा, हेतू वेगळा. पण रोज कसं जगावं हे तिन्ही पुस्तकं सांगतात, आणि तिन्हींचे वाचक आज एकाच घरात सापडतात. आमच्या घरात तर तीन वेगवेगळ्या फळ्यांवर ही पुस्तकं आहेत. तिघांना मी एकच प्रश्न विचारते आहे: अंग मोडून आलेल्या दिवशी चांगली सवय टिकते ती कशावर? आणि कुणाच्या जिवावर?

मी राहते कुडव्यात. गोंदिया शहराला लागलेलं, नावाला गाव आणि चेहऱ्याने अर्धं शहर. दिवसभर एका औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी असते. त्यामुळे थकव्याबद्दल मला जे कळतं त्यातलं निम्मं पुस्तकांतून आलंय, निम्मं काउंटरच्या पलीकडून.

एक टक्क्याचं गणित

क्लिअरचं पुस्तक २०१८ साली आलं. पोलीस भरती आणि एमपीएससीची तयारी करणाऱ्या पोरांच्या टेबलावर, चालू घडामोडींच्या शेजारी, त्याचा मराठी अनुवाद मी कितीदा तरी पाहिलाय. पानांचे कान दुमडलेले, पेन्सिलीने रेघा मारलेल्या.

पुस्तक चांगलं आहे, हे आधी सांगते. मोठे संकल्प सोडा, असं ते म्हणतं. नवी सवय इतकी लहान करा की दोन मिनिटांत झाली पाहिजे. जुन्या सवयीच्या शेपटीला नवी बांधा: चहाचं आधण ठेवलं की एक ग्लास पाणी. एक दिवस चुकला तर चुकू द्या, लागोपाठ दोन चुकवू नका. यातलं कुठलंही वाक्य खोटं नाही. ‘दोन मिनिटं’ तर थकलेल्या माणसासाठीच लिहिल्यासारखं आहे. अर्धा तास व्यायाम होत नाही म्हणून शून्य करणाऱ्याला ते सांगतं, नुसती चटई पसर.

माझ्या तक्रारी दोन. पहिली गणिताची. रोज एक टक्का सुधारलात तर वर्षाअखेरीस तुम्ही ३७ पट चांगले व्हाल, असा हिशेब पुस्तकात आहे. चक्रवाढ व्याजाचा हा हिशेब आकड्यांपुरता बरोबर आहे. पण शरीर म्हणजे बँकेतली ठेव नव्हे. भरतीचं १६०० मीटर धावणारा कोणताही मुलगा वर्षभरात ३७ पट वेगवान होत नाही. रूपक आहे हे मलाही कळतं. पण रूपकाचा परिणाम होतो. व्याजाची भाषा एकदा डोक्यात बसली की चुकलेला दिवस कर्जासारखा वाटायला लागतो, आणि व्याज म्हणजे काय हे आमच्या गावांना वेगळं शिकवावं लागत नाही. थकलेला माणूस आधीच मागे पडलेला असतो. त्याच्या हातात आणखी एक वही दिली, तर तो वहीच बंद करतो.

दुसरी तक्रार मोठी आहे. पुस्तकातला सगळ्यात भक्कम भाग आजूबाजूच्या मांडणीबद्दलचा आहे. जे डोळ्यांसमोर असतं ते हातून घडतं. क्लिअर सांगतो, सफरचंदं फ्रिजच्या तळाच्या कप्प्यात होती तेव्हा सडायची. ती ओट्यावर वाडग्यात ठेवल्यावर खाल्ली जाऊ लागली. अगदी पटण्यासारखं. पण हा वाडगा भारतीय घरात आणला की एक प्रश्न लगेच उभा राहतो: ठेवणार कोण?

माझा भाऊ भरतीची तयारी करतो. पहाटे सव्वापाचला तो मैदानावर जायला निघतो, तेव्हा भिजवलेले चणे वाटीत तयार असतात, बाटली भरलेली असते, धुतलेले मोजे खुर्चीवर असतात. आठ महिन्यांत त्याचा एकही दिवस चुकलेला नाही. चणे रात्री साडेदहाला भिजतात. ते भिजवणारी बाई घरात सगळ्यांत शेवटी झोपते आणि सगळ्यांत आधी उठते. भावाच्या सवयीचा खांब म्हणजे आईची झोप. तो मेहनती आहे, त्याच्या घामात काही खोट नाही. खोट आहे ती ‘मांडणी बदला’ या वाक्यात, ज्याला कर्ता असूनही नसल्यासारखा आहे.

क्लिअरच्या पुस्तकाची सुरुवात शाळेतल्या अपघाताने होते. बेसबॉलची बॅट तोंडावर बसते, हेलिकॉप्टरने दवाखान्यात नेतात, बरं व्हायला महिने जातात. पुढे कॉलेजात तो लहान लहान सवयींनी उभा राहतो. मला ही सुरुवात आवडते, कारण ती मोडलेल्या शरीराची आहे. पण खाटेभोवतीची माणसं पहिल्या प्रकरणातच मागे राहतात आणि पुढच्या पानांवर एकटा माणूस स्वतःला घडवत जातो. पुस्तकाचं यश याच एकट्या माणसात आहे, आणि त्याची मर्यादाही.

मुळा, बिस्किट आणि परीक्षेचे आठवडे

‘थकलं की इच्छाशक्ती संपते’ हे वाक्य आता व्हॉट्सअ‍ॅपवरही फिरतं. त्याचं मूळ १९९८ सालच्या एका अमेरिकन प्रयोगात आहे. रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भुकेल्या विद्यार्थ्यांसमोर ताजी चॉकलेट बिस्किटं आणि कच्चे मुळे ठेवले. काहींना फक्त मुळेच खायला सांगितले. नंतर सगळ्यांना न सुटणारी कोडी दिली. बिस्किटं खाणारे साधारण १९ मिनिटं झगडले, मुळेवाल्यांनी साधारण ८ मिनिटांत हात टेकले. निष्कर्ष असा निघाला की मनावरचा ताबा ही टाकीतल्या पाण्यासारखी गोष्ट आहे. एकीकडे वापरली की दुसरीकडे कमी पडते.

ही कल्पना वर्षानुवर्षं चालली. मग २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांहून जास्त लोकांवर, याच कल्पनेची ठरवून एकसारख्या पद्धतीने पुन्हा परीक्षा घेतली. परिणाम जवळजवळ शून्य निघाला. वाद अजून मिटलेला नाही, पण टाकीचं चित्र आता पहिल्यासारखं ठाम राहिलेलं नाही.

मग थकल्यावर घडतं काय? याबद्दल मला सगळ्यात उपयोगी वाटलेलं संशोधन डेव्हिड नील, वेंडी वुड आणि एमी ड्रोलेट यांचं, २०१३ सालचं. त्यांनी विद्यार्थ्यांना परीक्षेच्या दिवसांतही पाहिलं, एरवीही पाहिलं. ताणाच्या आठवड्यांत मुलं सवयीकडे जास्त ओढली गेली, आणि सवय चांगली की वाईट हे त्या ओढीला ठाऊक नव्हतं. ज्यांना सकाळी गोड खायची सवय होती त्यांनी ते जास्त खाल्लं. ज्यांना पौष्टिक न्याहारीची सवय होती त्यांनी तीही नेमाने घेतली.

याचा अर्थ साधा आहे. थकलेला माणूस निवड करत नाही. जे हाताला लागतं आणि पायाला ठाऊक असतं, तेच तो करतो. म्हणून थकलेल्या दिवशी स्वतःला बळ लावायला सांगणं म्हणजे विहीर आटल्यावर दोर बदलण्यासारखं आहे. त्या दिवसाची तयारी बऱ्या दिवशीच करून ठेवावी लागते.

दिवस किती लागतात, याचीही एक दंतकथा आहे: २१ दिवस. मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० सालच्या पुस्तकात लिहिलं होतं की रुग्णाला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवसांच्या आसपास जातात. ‘निदान’ गळून पडलं, चेहरा गळून पडला, २१ उरले. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० साली छापून आला. त्यात सवय अंगवळणी पडायला मध्यम अंदाज ६६ दिवसांचा निघाला आणि माणसागणिक तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. भिंतीवर लावायचंच असेल तर ते शेवटचं वाक्य लावा.

थकवा कोणता?

आता काउंटरवर या. “ताई, ताकदीचं काही द्या ना.” हे वाक्य मी दिवसातून कितीदा ऐकते. कुणी टॉनिक मागतं, कुणी “ते लाल औषध”, कुणी नुसतं “कमजोरी वाटते” म्हणून उभं राहतं. बोलणाऱ्या बहुतेक बायका असतात, आणि बहुतेक जणी स्वतःच्या आधी नवऱ्याचं नाहीतर सासूचं औषध घेऊन झालेलं असतं.

मराठीला थकव्याचे किती शब्द आहेत पाहा. शीण म्हणजे कामाने येतो आणि विसाव्याने उतरतो तो. दमणूक म्हणजे श्वासाची आणि पायांची. मरगळ हवेची असते, मनाचीही. कंटाळा कामाबद्दलचा, आळस स्वभावाचा असा आपण आरोप करतो. ग्लानी आजारातली. आणि अशक्तपणा म्हणजे शरीरात काहीतरी कमी आहे ती अवस्था. इतके शब्द असलेल्या भाषेत आपण सवयींची पुस्तकं वाचतो, आणि ती सगळ्या शब्दांची एकच गोळी करून देतात: मन लावा, होईल.

शिणलेल्याला झोप द्यावी. कंटाळलेल्याला दोन मिनिटांची युक्ती द्यावी. पण अशक्त माणसाला दोन मिनिटांची युक्ती देणं अन्यायाचं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त. म्हणजे एखादी मराठी बाई सवयींचं पुस्तक उघडून ‘मी का टिकत नाही’ असं विचारत असेल, तेव्हा उत्तर मनात शोधण्याआधी रक्तात शोधायला हवं. हिमोग्लोबिनची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. लोहाच्या गोळ्या मिळतात. जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, म्हणून तो तासभर पुढे ढकलणं, ही माझ्या मते आमच्या भागातली सगळ्यात स्वस्त आरोग्यदायी सवय आहे. ती कुठल्याच प्रसिद्ध पुस्तकात नाही, कारण त्या पुस्तकांतल्या ‘तुम्ही’ला रक्त आहे हे गृहीत धरलेलं असतं.

पूर्व विदर्भात आणखी एक गोष्ट आहे: सिकलसेल. रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. नुसत्या वाहकाला सहसा त्रास होत नाही. पण आजार असलेल्याला पाणी कमी पडलं, फार दगदग झाली, थंडी लागली, तर हाडं फुटल्यासारख्या वेदना सुरू होऊ शकतात. या आजाराच्या निर्मूलनासाठी केंद्राने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून मोहीम सुरू केली आणि २०४७ हे लक्ष्य ठेवलं. अशा माणसाला ‘वेदनेच्या पलीकडे यश आहे’ हे पोस्टर धोक्याचं आहे. त्याची चांगली सवय म्हणजे वेळेत थांबणं. थांबणं ही सवय असू शकते, हे सवयींच्या साहित्याने अजून नीट लिहिलेलंच नाही.

रामदासांच्या जांभया

‘दासबोध’ शिस्तीचा ग्रंथ म्हणून ओळखला जातो, आणि ते खरंही आहे. अकराव्या दशकाचा तिसरा समास म्हणजे सरळ दिनचर्या आहे. पहाटे उठावं, काही पाठ करावं, शरीराची स्वच्छता, स्नान, पूजा, मग जेवण, मग आपापला उद्योग. जेवणानंतरचा वेळही वाचनात आणि चर्चेत जावा. जो सावध नाही तो चुकतो आणि ठकतो. आजच्या ‘मॉर्निंग रूटीन’ व्हिडिओंचा हा तीनशे वर्षांहून जुना पूर्वज.

पण हेच रामदास अठराव्या दशकात ‘निद्रानिरूपण’ नावाचा समास लिहितात, आणि तिथे मला ते फार जवळचे वाटतात. झोप अंगावर येते तेव्हा माणसाचं काय होतं याचं त्यात जवळजवळ नाटक आहे. आळोखेपिळोखे, जांभया, चुटक्या, पेंगणं. मग कुणी घोरतं, कुणी बरळतं, कुणी दचकतं. हे रागाने लिहिलेलं नाही. माणसांच्या घोळक्यात रात्रीची बैठक लांबलेली कुणीतरी शांतपणे पाहिलीय, असं वाटतं. उपदेश करणाऱ्याने आधी पेंगणाऱ्यांकडे नीट पाहिलं आहे.

दोन समास शेजारी ठेवले की ग्रंथातली एक फट दिसते. दिनचर्येच्या समासात झोप हा अडथळा आहे, निद्रेच्या समासात ती सत्ता आहे. पहिल्या समासातला माणूस पहाटे उठतो. तो रात्री कधी झोपला आणि दिवसभर त्याने काय उचललं, हे तिथे येत नाही. त्याच्या स्नानाचं पाणी कुणी आणलं, हेही नाही. सावधपणाचा हा आदर्श ज्याच्या हाती थोडाफार तरी वेळ आहे त्याचा आहे. तरीही रामदासांकडून मी एक गोष्ट घेते. आजच्या पुस्तकांना थकलेलं शरीर दिसलं की ते लगेच दुरुस्त करायची घाई होते. रामदास निदान एक समासभर त्याच्याकडे बघत बसतात.

गाव उठतं तेव्हा

‘ग्रामगीता’ १९५५ सालची. ४१ अध्याय, ओवीबद्ध. विदर्भात ती फळीवरचं पुस्तक आणि सभेतला ग्रंथ अशी दोन्ही रूपांत जगते. तिच्या अध्यायांची नावंच वाचत गेलात तरी एक वेगळी दृष्टी समजते: ‘संसर्ग-प्रभाव’, ‘आचार-प्राबल्य’, ‘ग्रामशुद्धी’, ‘ग्राम-आरोग्य’, ‘श्रम-संपत्ती’. आरोग्याच्या आधी ‘ग्राम’ हा शब्द आहे. क्लिअरच्या पुस्तकात आरोग्य माणसाचं असतं आणि गाव म्हणजे आजूबाजूची परिस्थिती. तुकडोजी महाराजांकडे उलटं आहे. आरोग्य गावाचं असतं. माणूस त्यात वाटेकरी.

आणि महाराज पुस्तकावर थांबले नाहीत. सकाळचं सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना, हा नेम त्यांनी गावोगाव रुजवला. श्रद्धेची बाजू क्षणभर बाजूला ठेवून नुसती सवय म्हणून याकडे बघा. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, सोबत ठरलेली. थकलेल्या माणसाला ठरवायचं काहीच उरत नाही. शेजारी निघाला की आपणही निघतो. परीक्षेच्या आठवड्यातल्या विद्यार्थ्यांवरून जे कळलं, ते इथे आधीच वापरात होतं. फरक एवढाच की मांडणी एका घराच्या ओट्यावर न राहता गावाच्या चौकात आली.

आमच्या रस्त्यावर चार बायका संध्याकाळी चालायला जातात. चौघींपैकी एकीचंही एकटीने चालणं महिनाभर टिकलेलं नाही. एकत्र मात्र तिसरं वर्ष सुरू आहे. एक जण दारात येऊन हाक मारते, “चाल वो, अंधार पडते!” आणि जिला आज मुळीच नको असतं तीही चपला घालते. त्या हाकेत इच्छाशक्ती आहेच, पण ती चौघींत फिरते. आज हिची, उद्या तिची. ‘संसर्ग-प्रभाव’ हा शब्द मला तिथेच कळला.

पण ‘ग्रामगीते’लाही तोच प्रश्न विचारायला हवा. संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ म्हणजे चुलीची वेळ. ग्रंथात ‘महिलोन्नती’ असा स्वतंत्र अध्याय आहे आणि त्या काळाच्या मानाने तो धाडसाचा आहे. तरी ज्या नेमाने गावातल्या पुरुषांना दिवसातून दोनदा शांत बसायला जागा दिली, त्याच नेमाची वेळ बाईच्या कामाच्या ऐन मध्यावर पडते. चालणाऱ्या चौघीसुद्धा सातनंतरच निघतात, कारण त्याआधी कुकर लागलेला असावा लागतो. सामुदायिक सवयही कुणाच्या तरी थकव्यावर उभी राहू शकते. ग्रंथ मात्र ‘गाव’ म्हणून बोलतो, म्हणून निदान हा प्रश्न त्याला विचारता येतो. ‘तुम्ही’ म्हणून बोलणाऱ्या पुस्तकाला तो विचारायला जागाच नसते.

वर्ष नावाचं माप

आणखी एका बाबतीत बाहेरून आलेलं सवयींचं साहित्य आमच्या भागाला बसत नाही. त्याचं माप दिवस आहे. रोज, न चुकता, फुल्यांची साखळी तोडू नका. धानाच्या प्रदेशात शरीराचं माप दिवस नसून हंगाम आहे.

जुलै-ऑगस्टात रोवणी. बाया दिवसभर चिखलात, कमरेतून वाकून, मागे मागे सरकत पऱ्हे लावतात. संध्याकाळी बांधीवरून परतलेल्या बाईला कुणी योगासनं सुचवली तर ती हसेल, तेही हसायला अंगात जोर उरला असेल तर. दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग मळणी. मार्च-एप्रिलमध्ये जंगलालगतच्या गावांत पहाटे मोहफुलं वेचणं, मे महिन्यात तेंदूपत्ता. पहाटे पाचला उठण्याचा एक क्लब असतो असं रॉबिन शर्माचं पुस्तक सांगतं. या गावांत तो क्लब कधीचाच भरतो, फक्त त्यात उठल्यानंतर स्वतःसाठी ठेवलेला तास नसतो.

आणि याच वर्षाला एक दुसरी बाजू आहे. धान घरात आलं की मंडई भरते, आणि झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. दिवाळीनंतर होळीच्या आसपासपर्यंत गावोगाव, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. लोक पोरंबाळं, चादरी घेऊन बसतात. झोपेचं वेळापत्रक सांगणाऱ्या कोणत्याही अ‍ॅपमध्ये ही रात्र लाल रंगात दिसेल. पण वर्षाच्या हिशेबात ती रात्र म्हणजे रोवणीचं उट्टं आहे. ज्या शरीराने चार महिने दुसऱ्याच्या वेळेवर काम केलं, ते एक रात्र स्वतःच्या मर्जीने जागतं. जागरण आरोग्याला चांगलं असं मी म्हणणार नाही. मधुमेहाच्या गोळ्या घेऊन नाटकाला बसणारे काकाजी मला माहीत आहेत आणि त्यांनी जेवण-गोळीची वेळ पाळायलाच हवी. पण आनंदाची एक रात्र आणि सवय मोडल्याची एक रात्र यांत फरक करता न येणारं माप अपुरं आहे.

म्हणून बारा महिने एकसारखी सवय हा हट्ट सोडावा, असं मला वाटतं. प्रत्येक चांगल्या सवयीची दोन रूपं हवीत: एक मोकळ्या महिन्यांचं, एक रोवणीचं. मोकळ्या महिन्यात अर्धा तास चालणं. रोवणीत रात्री पाय कोमट पाण्यात घालून बसणं. मोकळ्या महिन्यात ताजी भाजी; रोवणीत निदान डाळ पातळ न करणं आणि पाण्याची बाटली बांधीवर नेणं. परीक्षा देणाऱ्यांची रोवणी परीक्षेआधीच्या महिन्यात येते, तान्हं मूल असलेल्यांची वर्षभर, रात्रपाळीवाल्यांची दर आठवड्याला. आपली रोवणी कधी असते हे ज्याने त्याने ओळखावं. तेवढ्या काळापुरतं सवयीचं लहान रूप हेच तिचं पूर्ण रूप.

काय ठेवावं

तिन्ही पुस्तकं फळीवर परत ठेवताना मी प्रत्येकाकडून एकेक गोष्ट काढून घेते. क्लिअरकडून दोन मिनिटं. ३७ पटीचा हिशेब त्याच्याकडेच राहू दे. रामदासांकडून पेंगणाऱ्या माणसाकडे न रागावता पाहणं. तुकडोजी महाराजांकडून ही जाण, की दारात येऊन हाक मारणारं माणूस हे कुठल्याही अलार्मपेक्षा खात्रीचं असतं.

आणि तिघांकडे नसलेली गोष्ट आपली आपण घालावी. सवय मोजताना तिच्याखाली कुणाचा वेळ गेला आहे तेही मोजावं. हे नैतिक ओझं म्हणून सांगत नाही, सोयीची गोष्ट म्हणून सांगते. एका बाईच्या झोपेवर उभी असलेली घरभराची तब्येत ती बाई आडवी पडली की एका आठवड्यात कोसळते. ते आपण सगळ्यांनी कुणा ना कुणाच्या घरी पाहिलंय. चणे भिजवायला दोन मिनिटंच लागतात. क्लिअरच्याच नियमाने ते खाणाऱ्याच्या सवयीत बसायला हवेत.

मराठीत सवयींचे अनुवाद भरपूर येत आहेत, पुढेही येतील. मला वाट आहे ती इथे बसून लिहिलेल्या पुस्तकाची. ते १ जानेवारीच्या संकल्पाने सुरू होऊ नये. ते जुलैत सुरू व्हावं, रोवणीच्या तिसऱ्या आठवड्यात, संध्याकाळी सातला, आणि पहिल्याच पानावर त्याने विचारावं: जेवलीस का, आणि रक्त कधी तपासलं होतंस?